भरलेलं पिंप

१

सोमवारी सकाळी ओदीलनं भिंतीकडच्या पिंपावर नेहमीसारखी बोटांनी टकटक केली, आणि मग पुन्हा केली. पिंप वरपर्यंत भरीव वाजलं.

ते तसं वाजायला नको होतं. खालून वर टकटक करत गेलं की अर्ध्याच्या जरा वर आवाज पोकळ व्हायचा, हे तिच्या बोटांना पाठ होतं. फ्रान्सच्या जुरा भागात, रोशेत गावात पिवळी वाइन करायची रीत सांगायला सोपी आहे, पाळायला भारी. साव्हान्यां द्राक्षांची वाइन पिंपात घालायची आणि सहा वर्षांहून जास्त तिच्या वाटेला जायचं नाही. ती आटत जाते, वर पोकळी होते, आणि वाइनवर दुधावरच्या सायीसारखा पातळ पडदा धरतो. त्या पडद्याखाली ती पिवळी होते आणि तिला अक्रोडाची चव येते. आटलेली जागा भरायची म्हणजे सगळ्यावर पाणी फिरवायचं. जुरातलं शेंबडं पोरही ते करणार नाही.

त्यातून हे पिंप साधंसुधं नव्हतं. बापानं स्वतःच्या हातानं भरलेलं हे शेवटचं. पुढच्या वसंतात तो गेला, आणि ओदीलनं एकटीनं तळघर सांभाळलं. फेब्रुवारीच्या सणाला चौकात फोडायला गावानं यंदा हेच पिंप निवडलं होतं.

पिंपाच्या पुढच्या गोल फळीत खाली एक लाकडी खुंटी असते. ती काढून वाइनची धार घ्यायची, म्हणजे वरच्या पडद्याला धक्का लागत नाही. महिनोन्‌महिने घट्ट बसलेली ती खुंटी एरवी पक्कड लावल्याशिवाय हलायची नाही. आज बोटांनी निघाली. ओदीलनं घोटभर वाइन तोंडात घोळवली. पातळ. कोणीतरी यात दुसरी वाइन घातली होती.

मग तिला वरचं बूच दिसलं, तिरकं बसवलेलं. आणि पिंपाच्या पायाशी लांब चोचीची पत्र्याची झारी. असली झारी गावात एकच होती. तिच्या नवऱ्याची, तिबोची.

"सांगत होतो की नाही मी," मागून आवाज आला. आन्सेल्म काका, बापाचा मोठा भाऊ, गुडघा धरून पायऱ्या उतरत होते. "बर्गंडीच्या माणसाला तळघरात घेतलंस तेव्हाच सांगितलं होतं."

२

गोष्ट गावभर व्हायला नाश्त्याची वेळही लागली नाही. द्राक्षवाल्यांच्या मंडळाच्या अध्यक्षा हर्मांसबाई दिवा घेऊन आल्या, बूच काढून त्यांनी आत डोकावून पाहिलं.

"वर चार बोटं सोडून भरलंय. पडदा आहे अजून, पण सुरकुत्या पडल्यात त्याला." त्यांनी बूच परत बसवलं. "ओदील, मी तुझ्या वडिलांच्या मांडीवर वाढलेली नाही, पण त्यांच्या शब्दाबाहेर हे गाव कधी गेलं नाही. म्हणून सरळ बोलते. सणाचं पिंप गेलं ते गेलंच. पण भरलेल्या पिंपाची बातमी बाहेर गेली की आमच्या सगळ्यांच्या वाइनवर शंका घेतील. उद्या संध्याकाळी मंडळ इथं जमेल. तिबो तळघराबाहेर जाईल, नाहीतर तुझ्या एकाही पिंपावर गावाचं नाव लागणार नाही."

"आणि त्यानं केलंच नसेल तर?"

"मग कोणी केलं ते सांग."

"सांगते," ओदील म्हणाली. "उद्या संध्याकाळी. सगळ्यांसमोर."

म्हणाली खरी, पण तिच्या हाताशी काही म्हणजे काही नव्हतं. उलट तिबोच्या विरुद्ध बोलणारं सगळं होतं. बर्गंडीत पिंप आठवड्याला भरतात, आटलेला थेंबही चालत नाही. तिबो तिथं लहानाचा मोठा झाला. लग्न करून रोशेतला आला, आणि ओदीलनं त्याला चार पिंपं दिली, त्याच्या पद्धतीनं काठोकाठ भरून ठेवायला. त्याची वाइन ताजी, लिंबासारखी. पॅरिसचे लोक ती घेऊन जायला लागले तेव्हापासून गावातल्या निम्म्या लोकांचं पोट दुखत होतं.

तिबो अंगणात लाकडं फोडत होता. ओदील आडवळणाची बाई नव्हे.

"तू भरलंस का?"

त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. "तूसुद्धा?"

"मी विचारलं नाही तर कोण विचारणार? हो की नाही एवढं सांग."

"नाही. खोटं कशाला बोलू, अर्धवट पिंपं बघून माझे हात शिवशिवतात. लग्नाच्या पहिल्या वर्षी तर मी तिकडे पाठ करून चालायचो." तो कसनुसं हसला. "पण मी भरलं असतं तर काठोकाठ भरलं असतं, बूच दाबल्यावर बाजूनं थेंब यायला हवा. चार बोटं जागा? आमच्या बाबांनी कानाखाली जाळ काढला असता."

"हे मंडळाला सांगून उपयोग नाही."

"माहीत आहे. म्हणून म्हणतो, मी जातो काही दिवस भावाकडे. तुझी पिंपं तर वाचतील."

"तू कुठेही जायचं नाही," ओदील म्हणाली. तिचा आवाज चढला आणि शेजारची खिडकी उघडली, तशी तिनं तो आणखी चढवला. "माझ्या तळघरात कोण उतरणार ते मी ठरवणार. गावानं नाही."

खिडकी बंद झाली.

३

ओदील दर सोमवारी पिंपं वाजवायची, पण आठवड्यात तळघर दिवसभर ओस होतं ते रविवारीच; ती आणि तिबो मामेबहिणीच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला पोलिन्यीला गेली होती. तळघराची किल्ली दाराआड खिळ्याला असते, हे गावातल्या मांजरालाही ठाऊक. मग गावात राहिलेलं आणि ओदीलचं पिंप बुडाल्यावर ज्याचं फावेल असं कोण? पहिलं नाव गास्पारचं. सणाच्या निवडीत त्याचं पिंप दुसरं आलं होतं.

गास्पार उतारावर वेली छाटत होता. छाटलेल्या काड्या तो चाकं लावलेल्या भट्टीत जाळत होता आणि धूर सरळ वर जात होता.

"ये, ये," तो कात्री न थांबवता म्हणाला. "मला वाटलंच, तू जेवायच्या आत येशील. चोर म्हणायला आलीस की सांत्वनाला?"

"काल कुठे होतास?"

"इथंच. सगळ्या गावानं माझा धूर खाल्लाय, विचार कोणालाही. अर्थात धूर सोडून खाली जाता येतं, नाही का?" त्याला मजा येत होती. "हे बघ ओदील, तुझं पिंप चौकात फुटणार म्हणून माझा जळफळाट झाला, ते मी लपवत नाही. पण मला ते बिघडवायचं असतं तर एक बादली वरून उपडी केली असती आणि शिट्टी वाजवत घरी गेलो असतो. झारी बिरी आणून ठेवायची नाटकं माझ्यानं होत नाहीत."

"बादलीत काय असतं?"

"पाणी. आणखी काय? दोन वर्षं दहिवरानं माझे कोंब जाळले, विसरलीस? माझ्याकडे जी काही साव्हान्यां आहे ती त्या एका पिंपात. ती तुझ्या पिंपात ओतीन मी? एवढा वेडा दिसतो?"

तो चहाड आहे, खुनशी आहे, पण त्याचं हे बोलणं खरं होतं. त्याचं तळघर रिकामं आहे हे कोणालाही दिसत होतं. ओदील उतरायला लागली तसा तो मागून ओरडला, "नवऱ्याला सांग, बर्गंडीची गाडी सकाळची आहे."

तिनं मागे न बघता हात असा काही हलवला की गास्पार मोठ्यानं हसला.

४

आन्सेल्म काकांच्या स्वयंपाकघरात सॉसेज शिजत होतं. काका एकटेच राहत. त्यांच्या वाट्याला घरामागच्या वेलींच्या थोड्याशाच ओळी आल्या होत्या, आणि त्यातून ते स्वतःपुरतं एक छोटं पिंप करत, पडद्याखालचंच. ओदील लहान होती तेव्हापासून त्यांच्या टेबलाशी बसलं की त्यांची वाइन समोर यायचीच. आधी पाण्यात थेंबभर, मग वय वाढेल तशी जास्त.

काकांनी चीज कापलं, अक्रोड फोडले आणि बाटलीतून द्राक्षांच्या चोथ्याची दारू ओतली.

"ही आज?"

"थंडी बघ की काय पडलीय." ते बसले, गुडघा चोळला. "पोरी, तुझं दुःख मला कळतं. त्या पिंपाची लाकडं मी आणि तुझ्या बापानं मिळून निवडली होती. पण जे झालं ते एका अर्थी बरं झालं म्हणायचं."

"बरं?"

"आज एक पिंप गेलं. ऐकलं नाहीस तर सगळी जातील. चार त्याची झाली, पुढच्या वर्षी आठ होतील. मग तुझी पोरं विचारतील, पडदा म्हणजे काय गं आई? माणूस वाईट नाही तिबो. पण त्याच्या हाताला भरल्याशिवाय राहवत नाही. तो त्याचा स्वभाव आहे. काल त्यानं..."

"काल तो माझ्याबरोबर होता."

"शनिवारी म्हण. मला काय माहीत." काकांनी तिच्याकडे न बघता सॉसेज उलटलं. "बाप्तिस्मा कसा झाला? मला यायचं होतं. हा गुडघा मेला."

ओदीलनं ती कडक दारू एका घोटात संपवली. काका पुन्हा गुडघा चोळत होते, आणि तिला त्यांची दया आली. या माणसानंच तिला पिंप वाजवायला शिकवलं होतं.

५

मंगळवारी दुपारी ती तळघरात एकटी बसली. समोर ग्लास, त्यात त्या पिंपाची वाइन. काल रागात प्यायली होती, रागात जिभेला काही कळत नाही. आज तिनं डोळे मिटले आणि हळूहळू चव घेतली.

पातळ होतीच. पण नुसती पातळ नव्हती. तिबोची वाइन मिसळली असती तर लिंबाचा आंबटपणा जिभेच्या कडेला बोचला असता. तो कुठेच नव्हता. जी कोवळी वाइन आत घातली होती तिला स्वतःची चव होती, नुकतीच धरू लागलेली अक्रोडाची.

ओदीलनं डोळे उघडले. तिनं दिवा घेतला, बूच काढलं आणि आत पाहिलं. पडदा होता. वाइन वर चढली तशी त्याला जागा कमी पडली होती आणि तो गोळा होऊन सुरकुतला होता, पातेल्यात साय एका कडेला सरकवावी तसा. पण फाटला नव्हता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठे भोक नाही, चीर नाही.

काल हर्मांसबाईंनी पाहिलं, सगळ्यांनी ऐकलं, आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. तिच्यासुद्धा. तिनं दिवा खाली ठेवला आणि ती पायरीवर बसली. आता तिला उत्तर कळलं होतं, आणि ते तिला नको होतं.

क्षणभर तिच्या मनात आलं, गप्प बसावं. तिबो भावाकडे जाईल, सहा महिन्यांत गाव विसरेल. मग तिला स्वतःचाच संताप आला. न केलेल्या गोष्टीसाठी तिच्या नवऱ्यानं तोंड लपवायचं? मुळीच नाही. ती उठली आणि संध्याकाळसाठी ग्लास पुसायला लागली.

६

संध्याकाळी सगळे आले. हर्मांसबाई, मंडळाचे दोघे, गास्पार, काका. तिबो दाराशी उभा होता, हाताची घडी घालून.

"आधी तिबोचं एक पिंप भरून बघू," ओदील म्हणाली. "तिबो, तू नेहमी भरतोस तसं."

तिबोनं खांदे उडवले, झारी घेतली, आपल्या पिंपाचं बूच ठोकून काढलं आणि वरून धार सोडली. वाइन आत धबधबली, काठाशी आली, बाहेर ओघळली. त्यानं बूच दाबलं, फडक्यानं पुसलं. सगळं मिळून दोन श्वासांचं काम.

"आता इकडे बघा." तिनं बापाच्या पिंपाचं बूच काढून दिवा धरला. "हर्मांसबाई, पडदा कसा आहे?"

बाई वाकल्या. "काल होता तसाच. सुरकुतलेला."

"फाटलाय?"

बाईंनी दिवा आपल्या हातात घेतला आणि कडेकडेनं फिरवला. मग बाई सावकाश म्हणाल्या, "नाही."

"तिबोनं आत्ता ओतली तशी वरून ओतली असती तर?"

"चिंध्या झाल्या असत्या," गास्पार म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"मग गास्पार, तूच सांग. पडद्याला धक्का न लावता हे पिंप कसं भरशील?"

"खालून. खुंटी काढायची, भोकाला नळी लावायची आणि झारी उंच धरायची. वरचं बूच सैल करायचं, हवा जायला. वाइन खालून चढते आणि पडदा वर उचलला जातो." तो थांबला. "पण दुपार जाते त्यात. ज्याला पिंप बिघडवायचंय तो पडद्याला कशाला जपत बसेल?"

"तेच तर. काल ती खुंटी माझ्या हातात बोटांनी आली. आणि वर चार बोटं जागा सोडलेली. बर्गंडीचा माणूस जागा सोडत नाही, ते तुम्ही आत्ता पाहिलंत. जागा आपण सोडतो. हे काम रोशेतच्या हाताचं आहे. त्याला पिंप भरायचं होतं, पण पडदा फाडवेना."

तिनं ग्लास भरून हर्मांसबाईंच्या हातात दिला. "तिबोची लिंबू चव सापडते का बघा."

बाईंनी घोट घेतला, पुन्हा घेतला. "नाही. कोवळी साव्हान्यां आहे. दोनेक वर्षं पडद्याखाली बसलेली."

"गास्पारची दोन वर्षं दहिवरानं नेली. हर्मांसबाई, तुम्ही तिघं तांबडी करता. माझी सगळी पिंपं मी आज वाजवून पाहिली, एकही उणं नाही." ओदील वळली. ती काकांसमोर जाऊन उभी राहिली. "काका, काल तुम्ही मला चोथ्याची दारू दिलीत. आजवर तुमच्या टेबलाशी मी तुमच्या पिंपाशिवाय दुसरं काही प्यायले नाही. आत्ता जाऊन एक ग्लास घेऊन या तुमच्या वाइनचा. आम्ही थांबतो."

आन्सेल्म काका उठले नाहीत. त्यांनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

"नाहीये," ते म्हणाले. "सगळी घातली."

तिबो दारातून एक पाऊल पुढे आला. ओदीलनं त्याला नजरेनंच थांबवलं.

"पाणी आणलं होतं मी घरून," काका म्हणाले, जणू तिच्याशीच. "बादली इथपर्यंत आणली. नाही ओतवलं. मग म्हटलं वाइन घालू, त्याचीच, ती चार पिंपं समोरच होती. ती पण माझ्या भावाच्या पिंपात घालवेना. म्हणून माझी आणली, झारी झारीनं. आणि वरून ओतायला गेलो तर हातच पुढे जाईना, पोरी. पडदा मोडवेना माझ्यानं."

"आणि माझा नवरा मोडवला तुमच्यानं?"

काकांनी गुडघ्यावरची टोपी उचलून हातात धरली.

हर्मांसबाई खाकरल्या. "मंडळाच्या नियमानं..."

"नियम मला ठाऊक आहे," ओदील म्हणाली. "या पिंपावर गावाचं नाव लागणार नाही. लागू नये. ही आता सहा वर्षांची वाइन राहिली नाही. गास्पार, सणाला तुझं पिंप फोड, आणि शिट्टी खुशाल वाजव. पण त्याच दिवशी मी माझ्या दारात हे पिंप लावणार आहे, नाव न घालता, साध्या ग्लासात. येणाऱ्या जाणाऱ्याला देईन आणि यात काय काय आहे ते सांगेन. आणि माझी बाकीची पिंपं गावाच्या नावानं जातील, तिबो या तळघरात असताना. कोणाला काही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा."

 हर्मांसबाईंनी ग्लासातली उरलेली वाइन संपवली आणि मान डोलावली. गास्पार म्हणाला की, पहिला ग्लास तो पिणार, फुकट असेल तर.

लोक गेले. काका टोपी हातात धरून पायऱ्यांपाशी घुटमळत राहिले.

"मी आता येत नाही उद्यापासून," ते म्हणाले.

"येणार," ओदील म्हणाली. "सकाळी नेहमीच्या वेळेला. या तळघरात अर्धी पिंपंही राहतील आणि भरलेलीही, आणि दोन्हींकडे माणूस लागतो. तिबोची उरलेली तीन पिंपं आठवड्याची भरायची आहेत. उद्यापासून ती तुम्ही भरायची."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असावं, ती चेष्टा करते आहे. तिच्या तोंडावर चेष्टेचा मागमूस नव्हता.

बुधवारी सकाळी ते आले. तिबोनं झारी त्यांच्या हातात दिली. काकांनी बूच काढलं, धार सोडली आणि चार बोटं राहिली तिथं हात आपोआप थांबला.

"अजून, काका," तिबो म्हणाला. "काठापर्यंत."

म्हाताऱ्यानं दुसरीकडे तोंड फिरवलं आणि झारी तिरकी केली.